टीबीच्या गोळ्या संपल्या, डाग तसाच, आणि आता रिपोर्टमध्ये 'माल्ट लिम्फोमा': आईसाठी विचारणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. आईंचं वय ५९, नऊ महिन्यांपासून खोकला, उजव्या फुप्फुसाच्या मधल्या भागात डाग, थुंकीत टीबी एकदाही सापडला नाही तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, मध्येच छातीत शिट्टी वाजते म्हणून दम्याचा पंप सुरू झाला, डाग काही हलला नाही, शेवटी दुर्बिणीतून तपासणी झाली आणि श्वासनळीच्या आतून घेतलेल्या तुकड्यात माल्ट लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक सावकाश वाढणारा कॅन्सर, आला. आता एक डॉक्टर म्हणतात तो भाग कापून काढा, दुसरे म्हणतात किमो लगेच सुरू करा, तिसरे म्हणतात सध्या नुसतं बघू. आणि आईला अजून काहीच सांगितलेलं नाहीये.

मी छातीचा डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करून २६ वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत या आजाराचे पेशंट मी स्वतः सांभाळलेत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. फुप्फुसाचे १०० कॅन्सर घेतले तर त्यात फुप्फुसातच सुरू झालेला लिम्फोमा एकसुद्धा भरत नाही, इतका तो दुर्मिळ. पण असे जे थोडे सापडतात त्यातले बहुतेक, म्हणजे १०० तले ७० ते ९०, हे आईंना झालाय त्याच जातीचे असतात. त्यामुळे तीन डॉक्टरांचे तीन सल्ले आले याचं मला आश्चर्य वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या पेशंटसाठी बरोबरच आहेत, फक्त आईंसाठी कुठला ते ठरवायला अजून दोनचार गोष्टी कळायला हव्यात.

आधी आजार काय आहे ते. आपल्या घशाला, आतड्याला, श्वासनळ्यांना आतून एक ओलं अस्तर असतं, आणि बाहेरून येणाऱ्या जंतूंवर नजर ठेवायला त्या अस्तराखाली पांढऱ्या पेशींची ठाणी असतात, त्यांनाच माल्ट म्हणतात. आतड्यात ती जन्मभर असतात, पण मोठ्या माणसाच्या निरोगी फुप्फुसात ती जवळपास नसतातच. वर्षानुवर्षं काहीतरी टोचत राहिलं, म्हणजे विडी-सिगारेट, जुनी सूज, शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटण्याचे आजार, तर श्वासनळीच्या भिंतीत ही ठाणी नव्याने बसतात, आणि पुढे कधीतरी त्यातली एकच पेशी स्वतःच्या नकला काढत सुटते. तो हा लिम्फोमा. १९८३ साली आयझॅक्सन आणि राइट या दोन पॅथॉलॉजिस्टनी माल्ट लिम्फोमा ही कल्पना पहिल्यांदा मांडली, त्याआधी असल्या गाठींना नुसती सूज समजायचे, त्या इतक्या सावकाश वाढायच्या की कॅन्सर म्हणायला कुणी धजायचं नाही. तुमच्या रिपोर्टवर कुठे बाल्टोमा लिहिलेलं असेल, कुठे एक्स्ट्रानोडल मार्जिनल झोन लिम्फोमा, घाबरू नका, तीन वेगळे आजार नाहीयेत, नावंच तीन आहेत.

या पेशी वाढतात त्या श्वासनळ्यांच्या बाजूबाजूने, भिंतीत आणि आसपास पसरत, नळी फोडून नाही. म्हणून सीटी स्कॅनमध्ये डाग घट्ट दिसतो पण त्याच्या आत हवेने भरलेल्या नळ्या काळ्या फांद्यांसारख्या उघड्या दिसतात, कधीकधी तर नेहमीपेक्षा रुंद झालेल्या. नेमकं हेच चित्र न्यूमोनियात दिसतं आणि टीबीतही दिसू शकतं. आईंसारख्या काही थोड्या पेशंटमध्ये मात्र गाठ नळीच्या आतल्या अंगाला उठते, नळी चिंचोळी होते, मग शिट्टी वाजते आणि हमखास दम्याचा पंप हातात पडतो. दम्याची शिट्टी दोन्ही बाजूंना, कमीजास्त होणारी, रात्री-पहाटे वाढणारी असते. कायम एकाच बाजूला, एकाच जागी वाजणारी शिट्टी म्हणजे नळीत काहीतरी अडकलंय असंच धरून चालायचं, मग ते शेंगदाणा असो, टीबीने आकसलेली नळी असो की गाठ असो, आणि दुर्बीण घालून बघायचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच दमा सुरू झाला तर मी हे हटकून बघतो.

टीबीच्या गोळ्या उगाच दिल्या का, असं तुम्ही जरा रागानेच विचारलंय. राग समजू शकतो, पण आपल्याकडे टीबी इतका आहे की डाग दिसला, वजन थोडं उतरलं, खोकला आहे, तर थुंकीत जंतू नसतानाही गोळ्या सुरू होतात, आणि अनेकदा ते बरोबरही ठरतं. चूक सुरू करण्यात कमी, दोन महिन्यांनी फिल्म बघून न थांबण्यात जास्त आहे. मीही ही चूक केलीय. पोस्टात नोकरी केलेले एक काका माझ्याकडे होते, डाव्या बाजूला खाली डाग, थोडा खोकला, मी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. दोन महिन्यांनी डाग तसाच, मी म्हटलं पूर्ण कोर्स करू. पाचव्या महिन्यात काकू एकट्याच आल्या, कॅलेंडरची सुरळी करतात तशी एक जुनी एक्स-रे फिल्म रबर लावून घेऊन, म्हणाल्या कपाट आवरताना सापडली, उपयोग असेल तर बघा. चार वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेली फिल्म. ती उजेडाच्या डब्यावर लावली, शेजारी माझ्याकडच्या तीन लावल्या, आणि मी खुर्चीतून उठलो. डाग चार वर्षांपूर्वीही तिथेच होता, फक्त जरा लहान. चार वर्षं एकाच जागी बसून, खड्डा न पाडता, माणसाला फारसं आजारी न करता टीबी राहत नाही. न्यूमोनिया तर नाहीच नाही. त्यानंतर सुईने तुकडा काढला आणि हाच लिम्फोमा निघाला. तेव्हापासून प्रत्येक नव्या पेशंटला माझा पहिला प्रश्न असतो, जुनी फिल्म आहे का, कुठल्याही कारणाने काढलेली, लग्नाआधीची असली तरी चालेल. तुम्हीही आईंच्या शोधा. मोतीबिंदूच्या वेळी, गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या वेळी छातीचा एक्स-रे काढलेला असतो आणि तो घरात कुठेतरी पडलेला असतो. या आजाराचा वेग किती हे ती फिल्म सांगते, आणि उपचार ठरवताना वेगच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता तुमच्या बायोप्सीबद्दल, कारण इथे मला थोडी शंका आहे आणि ती आधी मिटवा. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात आकार लहान असलेल्या लिम्फोसाइट्स (एका जातीच्या पांढऱ्या पेशी), श्वासनळीच्या अस्तरात घुसलेल्या पेशी, सीडी २० (पेशीवरची एक खूण) पॉझिटिव्ह, एवढंच आहे. दुर्बिणीच्या चिमट्याने निघणारा तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो, त्यात लिम्फोसाइट्स चिमट्यात चेंगरल्या जातात आणि स्लाइडवर निळा फराटा दिसतो. नुसती जुनी सूजसुद्धा अशीच दिसते, फॉलिक्युलर ब्राँकिओलायटिस किंवा लिम्फॉइड इंटरस्टिशियल न्यूमोनिया ही मंडळी अगदी सख्ख्या भावंडासारखी दिसतात. म्हणून इम्युनो, म्हणजे आयएचसी, पेशींवरच्या अशा खुणा ओळखणारी तपासणी, पूर्ण हवी: सीडी २० पॉझिटिव्ह, पण सीडी ५, सीडी १०, सीडी २३ आणि सायक्लिन डी १ निगेटिव्ह, आणि केआय ६७, म्हणजे पेशी किती वेगाने वाढताहेत तो आकडा, कमी, बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आत. सीडी ५ आणि सायक्लिन डी १ पॉझिटिव्ह निघालं तर तो मँटल सेल लिम्फोमा, त्याची गोष्ट पूर्ण वेगळी. शिवाय या पेशी सगळ्या एकाच पेशीची पिलावळ आहेत हे दाखवायला कप्पा-लॅम्डा किंवा क्लोनॅलिटीची टेस्ट. फुप्फुसातल्या माल्टमध्ये बऱ्याच जणांत, साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यांपर्यंत, ११ आणि १८ नंबरच्या क्रोमोझोमच्या तुकड्यांची अदलाबदल सापडते, ती फिश टेस्टमध्ये दिसली तर शंकेला जागाच राहत नाही, नाही दिसली म्हणून मात्र आजार नाही असं होत नाही.

यासाठी आईंना परत भोसकायची गरज नाही, निदान लगेच तरी नाही. लॅबकडून मेणाचा ब्लॉक, म्हणजे ज्यात तुकडा जपून ठेवलेला असतो तो, आणि स्लाइड मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि लिम्फोमा रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवा, मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक तपासून मत देतात, पुण्या-मुंबईच्या बाकी मोठ्या सेंटरमध्येही देतात. ब्लॉकमध्ये माल पुरत नसेल तरच दुसरी बायोप्सी, आणि ती करायची वेळ आली तर दोन गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा. एक, सगळे तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत टाकू नका, एकदोन सलाइनमध्ये ठेवा, म्हणजे टीबीचं कल्चर आणि जीनएक्सपर्ट (टीबीची झटपट टेस्ट) करता येईल, फ्लो सायटोमेट्री (पेशींच्या खुणा मशीनवर मोजायची तपासणी) करायची असेल तर तीही ताज्या मालावरच होते. फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घाईत सगळं एकाच बाटलीत जातं, मी स्वतः सिस्टरच्या हातातून बाटली थांबवलीय. दोन, बायोप्सीआधी स्टेरॉइड नको. स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या आक्रसतात, डाग विरल्यासारखा वाटतो, सगळे खूश, आणि बायोप्सीत काहीच सापडत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आईंना कुणी दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर तारखेसकट सांगा.

मग आजार किती ठिकाणी आहे ते बघायचं. छाती आणि पोटाचा सीटी, रक्तात एलडीएच (आजाराच्या जोराचा अंदाज देणारी तपासणी), प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, कारण काही पेशंटमध्ये या पेशी एकाच जातीचं प्रोटीन तयार करून रक्तात सोडतात. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. जठराची दुर्बीण, कारण हा आजार एका ओल्या अस्तरावरून दुसऱ्या अस्तरावर जाऊ शकतो आणि जठर ही त्याची सगळ्यात आवडती जागा. बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी प्रत्येकालाच लागते असं नाही, हेमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) ठरवतील. पेट स्कॅन करा, त्यात जोरात काम करणाऱ्या पेशी उजळून दिसतात, पण तो वाचताना जपून. हा आजार सावकाश असल्यामुळे पेटमध्ये कधी मिणमिणता दिसतो, कधी दिसतच नाही, आणि आपल्याकडे छातीतल्या जुन्या टीबीच्या गाठी झगझगीत पेटतात. एवढ्यावरून कुणी चौथी स्टेज म्हणून मोकळं झालं तर त्या पेटलेल्या गाठीतून आधी ईबसने, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने, नमुना घ्यायला सांगा. उलट एखादी जागा फारच जोरात पेटली तर तिथूनच बायोप्सी हवी, कारण थोड्या पेशंटमध्ये हा सावकाश लिम्फोमा वेगवान मोठ्या पेशींच्या लिम्फोमात बदलतो, आणि मग उपचार पूर्ण बदलतात.

आणखी एक, जे तुमच्या आईंना कुणी विचारलं नसेल. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का? रात्री तोंड कोरडं पडून जाग येते का? माझ्या एका पेशंटबाईंना मी लाळ कमी आहे का असं विचारलं तर नाही म्हणाल्या, मग विचारलं भाकरी कशी खाता, तर त्या म्हणाल्या, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो, दहा वर्षं झाली, भाकरी सोडून भातच खाते आता. त्यांना जॉग्रेन्स होता. या आजारात प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते आणि माल्ट लिम्फोमाचा धोका बराच वाढतो. आईंची लक्षणं जुळली तर एसएसए अँटिबॉडीची रक्ततपासणी करा आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे अशा आजारांच्या डॉक्टरांना, दाखवा. जठरातल्या माल्टमध्ये १९९३ साली असं दाखवलं गेलं की नुसत्या अँटिबायोटिकने हेलिकोबॅक्टर हा जठरातला जंतू घालवला तर लिम्फोमाही ओसरतो, त्यामुळे लोक विचारतात की फुप्फुसातही तसं होईल का. फुप्फुसात तसा सिद्ध झालेला एकही जंतू आपल्या हातात नाही, म्हणून अँटिबायोटिकवर वेळ घालवू नका, पण सिगारेट, चुलीचा धूर, न सांभाळलेला जॉग्रेन्स यांतलं जे टाळता किंवा सांभाळता येतं ते जरूर करा.

आता उपचार. हा कॅन्सर आहे, पण पाच वर्षांनी १०० पैकी साधारण ८५ ते ९० पेशंट हयात असतात, आणि वय बघता कित्येक जण पुढे दुसऱ्याच कारणाने जातात. म्हणून ज्या पेशंटला त्रास नाही, ज्याचा डाग सहज दुसऱ्या कशासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये सापडला, त्याला नुसतं बघत राहणं हा पळपुटेपणा नाहीये, तोच उपचार आहे. आमच्या काकांना पहिली चार वर्षं मी काहीही दिलं नाही.

पण आईंची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि म्हणून तिसऱ्या डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत नाही. नळी चिंचोळी झालीय, मागे कफ साचतो, नऊ महिन्यांत तीनदा ताप येऊन गेलाय. नळी बंद पडली तर मधला लोब, म्हणजे फुप्फुसाचा तो कप्पा, आकसेल आणि वारंवार न्यूमोनिया होईल. इथे उपचार करायला हवा असं माझं मत. ऑपरेशन? एकच गाठ असेल आणि निदानच होत नसेल तर काढतात, तेव्हा निदान आणि उपचार दोन्ही एकदम होतात. पण निदान झालेलं असताना, औषधाला आणि रेडिएशनला इतका चांगला ऐकणारा आजार असताना लोब कापायला मी तयार होणार नाही, हा आजार वर्षांनंतर दुसऱ्या बाजूला परत येऊ शकतो, तेव्हा शिल्लक फुप्फुस लागेल. आजार खरंच त्या एकाच जागी असेल तर रेडिएशन उत्तम चालतं, आणि डोसही लहान, साधारण २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), १२ बैठकांत. काही ठिकाणी दोन बैठकांत फक्त ४ ग्रे देऊन बघतात, म्हाताऱ्या पेशंटला ते सोयीचं पडतं, मात्र २४ वाला जास्त पक्का.

आजार दोन्ही बाजूंना किंवा जास्त जागी असेल तर रिटुक्सिमॅब. हे किमो नाही, सीडी २० वर जाऊन बसणारी अँटिबॉडी आहे, आठवड्याला एक असे चार डोस. २००७ पासून आपल्याकडे डॉ. रेड्डीजचं रेडिटक्स आलं आणि नंतर इतर कंपन्यांचीही आली, त्यामुळे किंमत पूर्वीसारखी राहिली नाही, तरी आधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटून जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. पहिल्या डोसला हुडहुडी भरते, ताप येतो, म्हणून सलाइन चारसहा तास हळूहळू चालवतात, आणि बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, कारण डोस चालू असताना बीपी उतरू शकतं. एक गोष्ट मात्र अजिबात चुकवू नका: हिपॅटायटिस बीची टेस्ट, नुसती एचबीएसएजी नाही तर अँटी-एचबीसीसुद्धा. जुना झोपलेला हिपॅटायटिस बी या औषधाने जागा होतो आणि लिव्हर निकामी करू शकतो, आणि आधी कळलं तर रोजच्या एका गोळीने तो टळतो. जमलं तर फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस डोसच्या दोन ते चार आठवडे आधी घ्या, नंतर घेतलेली नीट लागत नाही. टीबीची भीती तुम्ही विचारलीत, रिटुक्सिमॅबने टीबी उफाळण्याची भीती फारशी नसते, सोबत जास्त स्टेरॉइड असेल तर लक्ष ठेवावं लागतं.

किमोवाल्या डॉक्टरांना नेमकं कुठलं किमो ते विचारा. रिटुक्सिमॅबसोबत क्लोरॅम्ब्युसिलच्या गोळ्या किंवा बेंडामस्टिन, असं असेल तर ते माल्टसाठीचंच आहे. आयईएलएसजी १९ नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये क्लोरॅम्ब्युसिल आणि रिटुक्सिमॅब दोन्ही मिळून दिल्यावर आजार जास्त काळ दबून राहिला, पण एकूण आयुष्य वाढलं असं दिसलं नाही. बेंडामस्टिन जास्त जोरकस, पण त्यानंतर बरेच महिने इन्फेक्शनचा धोका राहतो, आणि आईंची नळी आधीच कफाने भरतेय, म्हणून मी पहिल्या फेरीत ते मागे ठेवीन. चॉप, म्हणजे अनेक औषधांचं जोरकस किमो, म्हणाले तर मात्र थांबा आणि कारण विचारा, मोठ्या पेशींचा लिम्फोमा सापडला नसेल तर त्याची गरज नाही. परत आला तरी दारं बंद होत नाहीत, लेनालिडोमाइड आहे, झानुब्रुटिनिबसारख्या गोळ्या आहेत, अमेरिकेत २०२१ साली मार्जिनल झोन लिम्फोमासाठी झानुब्रुटिनिबला परवानगी मिळाली.

उपचारानंतर डाग एकदम पुसला जाणार नाही, महिनोन्‌महिने हळूहळू विरतो आणि बऱ्याचदा एक वण राहतो. सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, मग वर्षातून एकदा, आणि हे थांबवायचं नाही, दहा वर्षांनीसुद्धा परत आलेला बघितलाय. मधल्या काळात रात्री कपडे भिजेपर्यंत घाम, भराभर वजन कमी होणं, एलडीएच अचानक वर, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आणि आईंना सांगायचं की नाही. तुम्ही लिहिलंय, ती खचून जाईल. ताई, काकांच्या मुलांनीही मला हेच सांगितलं होतं, दाराबाहेर उभं राहून, आणि मी तेव्हा ऐकलं. मग काका वर्षभर दर तपासणीला विचारायचे, टीबी गेला तर मला अजून का बोलावता, आणि एकदा आलेच नाहीत. शेवटी मी त्यांना समोर बसवून सांगितलं, हा रक्ताच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर आहे, सावकाश चालणारा, तुमच्या कपाटातल्या फिल्मनुसार तुम्ही चार वर्षं त्याच्यासोबत राहिलात आणि तुम्हाला पत्ताही नव्हता. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग एवढं लपवायचं काय होतं. त्यानंतर त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. पाचव्या वर्षी डाग वाढला तेव्हा चार डोस घेतले, आता नववं वर्ष चालू आहे. आईंना कॅन्सर हा शब्द सांगा, आणि त्याच वाक्यात सावकाश हा शब्दही सांगा, शक्य असेल तर ब्लॉकचा दुसरा रिपोर्ट हातात आल्यावर, म्हणजे त्या विचारतील त्याची उत्तरं तुमच्याकडे असतील. रिपोर्ट आला की इथेच टाका, नाव झाकून, मी बघतो.